पहिली लेन

"ट्रॅक!"

एवढा एकच शब्द, तोही पाठीत धपाटा घातल्यासारखा. सकाळचे सहा वाजून गेले होते. मी मैदानाच्या आतल्या कडेने चालत होते, कानात एका जुन्या मैत्रिणीचा लांबलचक निरोप चालू होता आणि तिच्या सुनेची तक्रार ऐन रंगात आली होती. मी दचकले. दचकलेलं माणूस जे करतं तेच केलं, म्हणजे आधी थिजले आणि मग डावीकडे व्हावं की उजवीकडे हे न ठरल्यामुळे दोन्हीकडे थोडी थोडी सरकले. मागून येणारा पावलांचा आवाज, नेहमीचा धपधप नव्हे तर स्पाइक्सचा, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचा, चरचर असा, अगदी मानेशी आला आणि एक मुलगी माझ्या खांद्याला वारा देत बाहेरच्या बाजूने निघून गेली. दहा-बारा पावलांवर तिचा वेग मोडला. ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली. पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या सरांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ शून्यावर आणलं. कोणी काहीच बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला राग आला, हे आधीच कबूल करते. चौदा-पंधरा वर्षांची पोर. 'काकू' नाही, 'जरा' नाही, सरळ 'ट्रॅक'! मैदान काय हिच्या एकटीचं आहे? घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिला तीन-चार उत्तरं देऊन टाकली होती, त्यातली दोन तर चांगलीच झोंबणारी होती. पण राग दुपारपर्यंत विरला आणि त्याच्या जागी काहीतरी चिवट येऊन बसलं. कपडे वाळत घालताना तो आवाज पुन्हा ऐकू आला. रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा. त्या आवाजात उर्मटपणा नव्हता. अजीजीही नव्हती. आपण धावतोय, ही आपली लेन आहे, समोरच्याने बाजूला व्हायचं आहे, यात जणू चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच. आणि मग अर्धवट झोपेत जो प्रश्न डोक्यात आला, त्याने मला उठवूनच बसवलं.

हीच हाक एखाद्या मुलाने मारली असती, तर मला राग आला असता का?

त्याच मैदानावर संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा चेंडू येतो तेव्हा मी न सांगता कडेला होते. कधी कधी तर चेंडू यायच्या आधीच. ती मुलं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. मुलं खेळणारच, असं मी वर म्हणतेही.

मैदानावर रोज येणारे एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर क्रीडाशिक्षक होते. काही दिवसांनी मी त्यांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ते खुलले. पहिली लेन, म्हणजे सगळ्यात आतली, घड्याळ लावून धावणाऱ्यांची. चालणाऱ्यांनी आणि रमतगमत पळणाऱ्यांनी बाहेरच्या लेन धरायच्या. पाटी नसली तरी जगभर मैदानांवर हा रिवाज चालतो. आणि 'ट्रॅक' ही शिवी नव्हे, घंटी आहे. "त्या वेगात असताना फुफ्फुसात एका शब्दापुरतीच हवा शिल्लक असते हो," ते म्हणाले, "तुमचं 'काकू, जरा बाजूला व्हाल का' त्यात बसायचं कसं?" मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. दोन वर्षं मी त्या लाल पट्ट्यावर चालत होते आणि तो काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला तो एक गोल रस्ता वाटत होता, मऊसर, बिनखड्ड्यांचा.

मग त्यांनी मला तो पट्टा वाचायला शिकवलं, एका फेरीत थोडं थोडं. एक लेन १.२२ मीटर रुंद. फेरी ४०० मीटरची, पण ती फक्त पहिल्या लेनमध्ये, आणि तीसुद्धा आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावर मोजलेली, कारण कडेला अगदी चिकटून कोणी धावत नाही. बाहेर जावं तशी फेरी वाढत जाते. आठव्या लेनची जवळपास ४५३ मीटर भरते. म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत आठव्या लेनचा धावपटू इतका पुढे उभा असतो. टीव्हीवर ते बघताना मला लहानपणी नेहमी वाटायचं की त्या बाईला फुकटची सूट दिली आहे. सूट कसली, ती उरलेला हिशोब चुकता करत असते. पट्ट्यावर जागोजागी पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या खुणा आहेत. मी त्यांना सजावट समजत होते. त्यातली प्रत्येक कोणाची तरी सुरुवात आहे, कोणाचं वळण आहे, कोणाच्या हातातली बॅटन दुसऱ्याच्या हातात जायची हद्द आहे. लाल रबरासारखा दिसणारा थर जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा. ऑलिंपिकमध्ये असा पट्टा पहिल्यांदा आला १९६८ साली, मेक्सिकोत. त्याआधी मोठमोठे विक्रम झाले ते कोळशाच्या राखेच्या चुरीवर. पाऊस आला की चिखल आणि पडलं की गुडघ्यात काळे कण कायमचे गोंदले जात. आता कडक उन्हात या पट्ट्यावर वाकलं तर तापलेल्या टायरसारखा वास येतो. सकाळी मात्र दवाने तो ओला असतो आणि बुटांखाली किंचित चिकटतो, सोडताना चुटचुट वाजतो.

मला हे सगळं कळून काय करायचं होतं? काहीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी आठव्या लेनमध्ये चालू लागले आणि फेरीमागे ५३ मीटर जादा चालते आहे याचं एक बारीकसं समाधान सोबत घेऊन फिरू लागले.

आमच्या लहानपणीच्या मैदानाला लेन नव्हती. माती होती, एका कोपऱ्यात पावसाळाभर साचणारं तळं होतं, एक गंजका झोपाळा होता. त्याच्या साखळीचा वास तळहाताला लागायचा तो जेवतानाही जायचा नाही. फुटबॉलचा गोल म्हणजे दोन चपला. त्यांतलं अंतर सात पावलं, पण पावलं कोणाची यावर रोज भांडण. खऱ्या गोलची रुंदी ७.३२ मीटर असते हे पुढे कधीतरी वाचलं तेव्हा लक्षात आलं की आमच्यातल्या ज्या मुलाच्या ढांगा लांब होत्या तोच बरोबर होता. मी धावायची. म्हणजे मला धावायला येत होतं. पकडापकडीत मी कोणाच्या हाती लागत नसे. छातीत आग आणि तोंडात लोखंडाची चव, तरी थांबायचं नाही, हे मला अजून आठवतं, अंगातच आठवतं. १९८४ साली मी तेरा वर्षांची होते. त्या वर्षी लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ५५.४२, आणि तिसरी आलेली ५५.४१. शंभरावा भाग म्हणजे केवढा, हे आम्ही घरी चुटक्या वाजवून बघितलं होतं. चुटकी फार मोठी ठरली.

त्याच सुमारास केव्हातरी मी मैदानावर जायची बंद झाले.

हे मी कित्येकदा आठवून बघितलं आहे. कोणी बंदी घातली का? नाही. आई रागावली? नाही. मुलांनी हाकललं? तसंही नाही. एक दिवस मी गेले तेव्हा मोठ्या मुलांचा खेळ चालू होता, सगळं मैदान त्यांनी व्यापलेलं, म्हणून मी कठड्यावर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी सोबत मैत्रीण होती, आम्ही दोघी बसून बोललो. असं करत करत आम्ही मैदानावरच्या न राहता मैदानाकडे बघणाऱ्या झालो आणि पुढे बघायलाही जाईनाशा झालो. याची कुठे नोंद नाही. वर्ष सांगता येतं, दिवस सांगता येत नाही.

हा माझा एकटीचा भित्रेपणा, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मग व्हिएन्नाबद्दल वाचनात आलं. तिथे १९९६-९७मध्ये शहरातल्या बागा कोण वापरतं याची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून झपाट्याने दिसेनाशा होतात आणि मुलगे मात्र तसेच राहतात. मुलींना कोणी बाहेर काढत नव्हतं. मोकळ्या जागेसाठी मुलग्यांशी स्पर्धा करायची वेळ आली की त्या आपण होऊन सोडून देत. मग त्या लोकांनी मुलींना भाषणं दिली नाहीत, बागा बदलल्या. १९९९मध्ये दोन बागांत एका सलग मोठ्या पटांगणाचे छोटे छोटे कप्पे केले, पायवाटा घातल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली. माझ्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच: दार. जाळी लावलेल्या खेळायच्या जागेला एकच अरुंद दार असलं, तर त्या दारात चार-पाच मुलगे नुसते रेंगाळले तरी ती जागा त्यांची होते. कोणी अडवायची गरजच नसते. दार रुंद केलं की त्यातून माणूस कोणाच्या खांद्याला खांदा न घासता आत जाऊ शकतं. वाचताना मला आमचा कठडा आठवला आणि माझ्या भित्रेपणाचे थोडे मोजमाप-नकाशे डोळ्यांपुढे आले. एवढी मोठी भानगड, आणि त्यात बिजागरीचाही वाटा!

तेव्हापासून मी बागांकडे आणि मैदानांकडे संशयाने बघते. मध्यम आकाराच्या शहराची एक गंमत असते. महानगरात प्रत्येक खेळाला वेगळं मैदान असतं, खेड्यात कशालाच वेगळं नसतं. मधल्या शहरात सगळ्यांसाठी मिळून एक मैदान आणि दोन-तीन बागा असतात आणि मग वेळेची वाटणी होते. पहाटे दम्याचे आणि मधुमेहाचे. सात ते आठ शर्यतीवाले. दुपारी कुत्री आणि प्रेमिक. संध्याकाळी लहान मुलं, त्यांना आणणाऱ्या आया, मग फुटबॉल, मग दिवे लागल्यावर पुन्हा चालणारे. या वेळापत्रकात तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची वेळ कुठली, ते मी बरेच दिवस शोधलं. घसरगुंडीजवळ पाटी आहे, '१२ वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्यावर बसू नये.' आणि बाकं आहेत ती सगळी एका ओळीत, मैदानाकडे तोंड करून, नाटकाच्या पहिल्या रांगेसारखी. चौघी मैत्रिणींना एकमेकींची तोंडं बघत बोलायचं तर दोघींनी उभं राहावं लागतं. म्हणजे बारा पूर्ण झाली की झोपाळ्यावरून उतरायचं, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं बाकावर बसून बघायचं, अशी काहीशी योजना दिसते. (एकदा रात्री, कोणी नाही असं बघून, मी त्या झोपाळ्यावर बसले. साखळ्या कुरकुरल्या. माणूस जड असो की हलका, झोपाळ्याच्या हेलकाव्याला साधारण तेवढाच वेळ लागतो, तो साखळीच्या लांबीवर ठरतो, हे शाळेत लंबकाच्या धड्यात घोकलं होतं. पाटी लिहिणाऱ्याला लंबकाचा धडा नसावा. पाच-सहा हेलकावे झाले आणि रखवालदाराची विजेरी दिसली, तशी मी चपळाईने उतरले. चपळाईने म्हणजे माझ्या मानाने.)

त्या मुलीला मी आता ओळखू लागले होते, म्हणजे लांबूनच. तिच्या बुटांची एक नाडी पिवळी आहे आणि दुसरी पांढरी. धावायच्या आधी ती दोन्ही हात जोरजोरात झटकते, पाणी निथळावं तसे. वळणावर डावा खांदा किंचित खाली जातो आणि सरळ पट्ट्यावर आली की मान ताठ होते, जबडा मात्र सैल, गाल हलताना दिसतात. धावणं सुंदर दिसतं असं लोक म्हणतात, मला ते जवळून तसं दिसलं नाही. ते ओढाताणीचं, घोगरं, थुंकीभरलं काम आहे. फेरी संपली की ती कधी कधी गवतावर आडवी होते, पाय पसरून, हात पसरून, तोंड उघडं. आजूबाजूला तीस-चाळीस पुरुष चालत असतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मनात आलं, अगं, नीट झोप. हे माझ्या मनात आलं हे मला लिहायला नको वाटतंय, पण आलं.

असं गवतावर आडवं होणं एकदा बायकांना फार महागात पडलं आहे. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ट्रॅकवर उतरल्या. ८०० मीटरची अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राड्केने विश्वविक्रमासह जिंकली. संपल्यावर काही जणी दमून आडव्या झाल्या, जसे पुरुष होतात. वर्तमानपत्रांनी त्याची अशी काही करुण चित्रं रंगवली की हे अंतर बायकांना झेपत नाही असं ठरलं आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. ती परत आली १९६०मध्ये, रोमला. बत्तीस वर्षं. दमलेली बाई चारचौघांत दमलेली दिसली, एवढ्यावरून.

परवा सकाळी तिचे सर आले नव्हते. ती दोन-तीनदा फाटकाकडे बघून आली, मग हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मी आठव्या लेनमधून येत होते. ती सरळ माझ्याकडे आली.

"काकू, घड्याळ लावाल का? दोनशेचं आहे."

तिला मी आठवत असेन की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने मोबाइल माझ्या हातात दिला, स्टॉपवॉच उघडून. ती पलीकडे तिरप्या कोपऱ्यात जाणार, वळणाच्या सुरुवातीला, आणि मी इथे अंतिम रेषेशी. ती हात वर करणार. हात खाली आला की दाबायचं. "मी ओरडले तर त्यावर नका जाऊ," ती म्हणाली, "आवाज उशिरा येतो." मी मान हलवली. नंतर हिशोब केला, तिथून इथे सरळ रेषेत शंभर मीटरच्या थोडं वर, म्हणजे आवाजाला सेकंदाचा तिसरा भाग तरी लागतो. म्हणून तर जुने वेळाधिकारी पिस्तुलाचा बार ऐकत नसत, धूर बघत. आणि एवढं करूनही माणसाचा अंगठा तो अंगठाच. हाताने घेतलेल्या दोनशेच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवूनच ती विजेच्या घड्याळाशी ताडतात, असं आमच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं होतं. उषाचा शंभरावा भाग अशा अंगठ्यात चोवीस वेळा मावला असता.

ती लहान होत होत पलीकडे गेली. हात झटकले. हात वर. माझा अंगठा काचेवर घामाने ओलसर झाला होता, म्हणून मी तो ओढणीला पुसला आणि पुसते आहे तोवर हात खाली येईल की काय या धास्तीने पुन्हा ठेवला. हात खाली आला. दाबलं. वळणावर ती डावीकडे झुकली, मग सरळ पट्ट्याला लागली आणि मोठी होऊ लागली. पिवळी नाडी दिसली, गाल दिसले, दात दिसले. चरचर ऐकू येऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काहीही नव्हतं, ना माझ्यासाठी, ना कोणासाठी, आणि ती रेषा ओलांडून चार-पाच पावलं पुढे गेल्यावर मला अंगठ्याची आठवण झाली.

ती धापा टाकत परत आली, मोबाइल घेतला, आकडा बघितला. कपाळाला आठी पडली.

"एवढा नसतो येत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्याकडे बघत होता ना? माझ्याकडे नाही बघायचं. रेषेकडे बघायचं."

"चुकलं," मी म्हटलं. "परत पळशील?"

तिने थोडा विचार केला, पाणी प्यायली, सात-आठ मिनिटं नुसती चालली. मी तिच्याबरोबर चालले नाही, जागेवरच उभी राहिले, रेषेच्या टोकाला, जिथे तिने मला उभं केलं होतं तिथे. तोवर चालणाऱ्यांची गर्दी वाढली होती. दोघे-तिघे आतल्या कडेने चालले होते, एकाच्या कानाला फोन. ती पलीकडे पोचली. हात झटकले. हात वर.

हात खाली आला. मी दाबलं आणि रेषेकडे बघत राहिले, बोटभर रुंदीच्या त्या पांढऱ्या पट्टीकडे. तिच्यावर एक मुंगी चालली होती. वळणावरून आवाज आला, "ट्रॅक!" कोण बाजूला झालं ते मी बघितलं नाही.